शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची, मिशनरी फादरांची व धर्मग्रामाच्या आद्य सेवकांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच होय. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, की जो आमच्या धर्माचा नव्हता. हिंदू संन्यासी होता. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. माहूर, किनवट, नांदेड, लातूर या भागांतील आपली मुले-मुली पदवीधर होतात, तेव्हा त्यांच्या पदवीपत्रावर याच नावाच्या विद्यापीठाची मुद्रा असते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे ते विद्यापीठ स्थापन झाले. असे हे नाव घरोघर पोहोचलेले आहे. परंतु त्या नावाचा मनुष्य कित्येक वर्षे खेड्यातल्या व तालुक्याच्या गावच्या शाळेत मास्तर होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आम्ही त्यांजकडे आज शिक्षक म्हणूनच पाहणार आहोत.

त्याचे कारण असे. शिक्षकाची स्वतःची मते त्याच्या विद्यार्थ्यांत उतरतात काय, आणि उतरत असल्यास ती उतरू द्यावीत काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून नेहमी निघतो. मुलाला शाळेत घालताना बाप फी विचारतो, निकाल विचारतो. पण मनात त्याला दुसरीच धास्ती असते. हा मास्तर माझ्या मुलाला काय करून सोडील, ही ती धास्ती होय. आपल्या शाळांतून इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने बसतात, आणि आपली मुले इतरांच्या शाळांतून बसतात. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे दोन्ही अंगांनी उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना स्वामीजींचे चरित्र आम्हांस जितके उपयोगी पडले, तितके दुसरे कोणतेही पडले नाही.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. घरची स्थिती साधारण. शिक्षणासाठी त्यांस सोलापुरास राहावे लागले. तेथे शिकत असता १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. व्यंकटेश तेव्हा सतरा वर्षांचाही झालेला नव्हता. त्या वार्तेने त्या मुलाच्या मनाची अशी काही अवस्था झाली की, जन्मभर ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करीन, अशी प्रतिज्ञा त्याने केली. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. टिळक हे स्वतः तरुणपणी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक होते. पण व्यंकटेश काही त्यांच्या वर्गात बसलेला नव्हता. ज्याच्या हातून कधी एक अक्षर गिरविले नाही, त्याच्या मतांनी या मुलाचे सारे आयुष्य वळविले. तेव्हा पुढे जो स्वतः शिक्षक होणार होता, त्याने शिक्षकाच्या प्रभावाचा अनुभव आधी स्वतःच्याच अंगी घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे असहकारितेच्या चळवळीत सरकारी शाळेचा त्याग करून हा विद्यार्थी खानदेशातील अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला, व तेथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जाऊन त्याने उच्च शिक्षण पुरे केले. त्यानंतर कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. जोशी हे सौम्य प्रकृतीचे, अभ्यासू व कष्टाळू गृहस्थ. मजुरांच्या प्रश्नांचा बारकाईने अभ्यास करण्याचे वळण त्यांजपाशी लागले. परंतु प्रकृतीने दगा दिला, मोठे आजारपण आले, आणि मुंबई-दिल्लीकडील ते कार्य सोडणे भाग पडले. मनुष्याच्या योजना मोडतात, तेथेच पुष्कळदा ईश्वराची योजना सुरू होते, असे आपण श्रद्धावंत मानतो. आजारातून उठलेला हा तरुण १९२९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे या आडवळणाच्या खेड्यात शिक्षक म्हणून आला.

त्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपले माहूरही त्याच राज्यात, आदिलाबाद जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात होते. पैनगंगेच्या पलीकडे मात्र इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड लागे. संस्थानात बहुसंख्य प्रजेची बोली मराठी, तेलुगू वा कानडी. परंतु वरच्या शिक्षणाची व कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतून दिले जाई. उर्दू ही गोड व संपन्न भाषा आहे, तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण शेतकऱ्याच्या पोराला पहिली पायरीच परक्या भाषेची असेल, तर तो जिना चढणार कसा? खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि जाहीर सभा भरविण्यासही परवानगी लागे. अशा राज्यात मातृभाषेतून शिकविणारी शाळा चालविणे हे साधे काम नव्हते. जो शिक्षक ते पत्करी, त्याने वर्गात राजकारणाचा एक शब्दही न उच्चारला, तरी त्याचे मत काय आहे हे वर्गातील शेवटच्या रांगेतल्या मुलालाही कळत असे.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली होती. तेथे पगाराच्या आशेने कोणी येणे शक्य नव्हते. आमच्या मते या शाळेची खरी शिकवण तीच होती. शिकलेला, इंग्रजी जाणणारा, मोठ्या शहरात मान मिळविण्याजोगा मनुष्य आपल्या खेड्यात येऊन राहतो, साधे खातो, खादी नेसतो, हे मुले रोज पाहत होती. हा मनुष्य येथे का राहिला, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उठतो, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मूल शिक्षकाच्या मतापाशी येऊन पोहोचते.

हिप्परग्यास असतानाच त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांजकडून संन्यासदीक्षा घेतली, व व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांची त्यांच्या मनावर आधीपासूनच छाप होती. आपल्या व्रतस्थ जीवनाची व त्यांच्या संन्यासाची श्रद्धा एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि घरदार, धन व स्वतःची मर्जी सोडून देणे म्हणजे काय, हे कॅथलिकांना समजावून सांगावे लागत नाही. ज्या फादर-सिस्टरांनी आपल्या भागात येऊन शाळा व दवाखाने चालविले, त्यांनीही हेच सोडलेले असते. विशेष हे की, संन्यासी झाल्यावर स्वामीजी मठात गेले नाहीत. भगवी वस्त्रे नेसून पुन्हा शाळेतच आले.

१९३५ साली ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेले, व तेथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. मुकुंदराजांची समाधी जेथे आहे, त्या गावी मराठी शाळा नीट उभी करणे हे काम त्यांनी व बाबासाहेब परांजपे यांसारख्या सहकाऱ्यांनी मनापासून केले. बाहेर संस्थानभर लोकजागृतीचा वारा वाहू लागला होता. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि त्या कार्यात स्वामीजी अधिकाधिक ओढले जाऊ लागले. आता त्यांच्यापुढे तो प्रसंग आला, ज्याकरिता आम्ही हे चरित्र निवडले आहे.

एकीकडे शाळा, दुसरीकडे राजकारण. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून विद्यार्थ्यांना चळवळीत लोटणे त्यांस अवघड नव्हते. मुले त्यांना मानीत होती. त्यांनी नुसती मान हलविली असती, तरी कित्येक निघाली असती. किंवा पोटात मत ठेवून, तोंडाने नियमावली वाचीत, खुर्ची सांभाळीत राहणे हाही एक मार्ग होता. जगात पुष्कळ लोक तोच पत्करतात. स्वामीजींनी या दोन्ही वाटा सोडल्या. १९३८ साली त्यांनी मुख्याध्यापकपद खाली ठेवले, हैदराबादेस जाऊन राज्याच्या राजकारणात प्रवेश केला, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर सरकारने बंदी घातली असता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. म्हणजे आपल्या मताची किंमत प्रथम त्यांनी स्वतः भरली.

पण गोष्ट येथे संपत नाही. संपली असती, तर आमचा प्रश्न फार सोपा झाला असता. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगाबादच्या महाविद्यालयात व उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यावरून मोठा संघर्ष उभा राहिला. गाण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले. स्वामीजी तेव्हा तुरुंगात होते. कोणा वर्गात उभे राहून त्यांनी ही आज्ञा दिलेली नव्हती. परंतु त्यांच्यासारख्या शिक्षकांनी गावोगाव जी मने घडविली होती, त्या मनांनी आता स्वतःच निर्णय घेतला. काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांतच तेलंगणातील एक तरुण होता, तो म्हणजे पुढे १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. ते स्वामीजींच्या नेतृत्वाखाली चळवळीत आले, आणि त्यांस गुरुस्थानी मानीत राहिले.

पंतप्रधान झालेल्याचे नाव इतिहासात राहते. ज्यांचे शिक्षण तेथेच तुटले, ज्यांच्या बापाने जमीन गहाण टाकून फी भरली होती, ज्यांना नागपूरची वाट परवडली नाही, अशांचे काय? चळवळीच्या प्रत्येक इतिहासात अशी घरे असतातच, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही. शिक्षकाच्या मताने विद्यार्थ्याचे आयुष्य उजळते तसेच कधी कधी मोडतेही. हे लपवून स्वामीजींची स्तुती करणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. संत याकोबाने आपल्या पत्रात पुष्कळांनी शिक्षक होऊ नये असा इशारा दिला आहे, कारण शिक्षकाचा न्याय अधिक कडक होईल. हा इशारा सर्वच शिक्षकांना, स्वामीजींसारख्या थोरांनाही, लागू आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास पाहिजे. तरुणांची मने आपल्याकडे ओढून घेण्याची शक्ती ही स्वतः चांगली किंवा वाईट नव्हे. त्याच मराठवाड्यात, लातुरास वकिली करणारे कासिम रझवी यांच्या मागेही हजारो तरुण गेले, आणि त्यांच्या रझाकार संघटनेने १९४७-४८ मध्ये जो अत्याचार केला, त्याच्या आठवणी आपल्या भागातील वृद्धांनी पुढच्या पिढ्यांस सांगितल्या आहेत. हा दोन धर्मांमधला भेद नव्हता. त्याच राजवटीत शोएबउल्ला खान या मुसलमान पत्रकाराने भारतातील विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. मग भेद कशात होता? एकाने तरुणांना दुसऱ्याचे घर जाळावयास धाडले. दुसऱ्याने तुरुंगाचे दार प्रथम स्वतः ठोठावले. शिक्षकाच्या मताची परीक्षा करावयाची असेल, तर त्या मताची किंमत कोणाकडून वसूल केली जाते हे पाहावे.

यानंतरची दहा वर्षे स्वामीजींनी तुरुंग व कार्य यांच्या दरम्यान घालविली. १९४६ साली बंदी उठल्यावर ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानभर भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळण्यात आला, आणि १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असता स्वामीजींस अटक झाली. लढ्याचे शेवटचे वर्ष आपल्या माहूरच्या परिसरास फार जवळून लागले. पैनगंगा ही केवळ नदी न राहता सीमा झाली होती. पलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी लढणाऱ्यांची शिबिरे होती. या शिबिरांतून सशस्त्र प्रतिकारही झाला. शाळेतील सूतकताईपासून निघालेली वाट बंदुकीपर्यंत कशी गेली, हा प्रश्न कोणीही विचारावा, आणि अहिंसेवर निष्ठा सांगणाऱ्या नेत्यांना तो त्या काळीही छळीत होता. अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामाची राजवट संपली, व स्वामीजी मुक्त झाले.

मुक्तीनंतर त्यांनी काय केले, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. राज्य हाती आले असता संन्याशाने मंत्रिपद मागितले नाही. १९५२ साली गुलबर्ग्यातून व १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. नांदेडास महाविद्यालय निघावे म्हणून त्यांनी श्रम घेतले. १९५० साली सुरू झालेले पीपल्स कॉलेज हे त्याचे फळ. हैदराबाद संस्थानाचे भाषावार तीन भाग व्हावेत, या मताचा त्यांनी आग्रह धरला, आणि १९५६ साली ते घडले. त्याच वेळी किनवट तालुक्यासह माहूर आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यात आले. आपली मुले आज मराठीतून शिकतात, त्याच्या मुळाशी हाही निर्णय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्याच सावलीत वाढलेले कित्येक कार्यकर्ते त्यांच्याशी सहमत राहिले नाहीत. औरंगाबादेस शिक्षकी केलेले गोविंदभाई श्रॉफ हे त्यांचे अगदी निकटचे सहकारी. त्यांचा ओढा डाव्या विचाराकडे होता, आणि स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. स्वामीजी काँग्रेसमध्ये राहिले. मार्ग निराळे झाले, पण आदर गेला नाही. आमच्या दृष्टीने हे त्यांच्या शिक्षकपणाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होय. ज्या शिक्षकाचे सगळे विद्यार्थी त्याच्यासारखेच बोलू लागतात, त्याने कदाचित पोपट पढविले असतील. स्वामीजींपाशी राहिलेली माणसे त्यांचे मत सोडू शकली, पण त्यांची सचोटी सोडू शकली नाहीत. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचा देहान्त झाला. संन्याशाची मालमत्ता ती काय असणार. मागे राहिली ती माणसे.

असो. आता या चरित्रावरून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे, ते थोडक्यात सांगून आम्ही हा लेख पुरा करितो. स्वामीजी हिप्परग्यास आले त्याच १९२९ सालाच्या अखेरच्या दिवशी पोपमहाशय अकरावे पायस यांनी ख्रिस्ती शिक्षणाविषयी आपले विश्वपत्र काढले. चांगल्या शाळा चांगल्या पद्धतींपेक्षा चांगल्या शिक्षकांमुळे होतात, असा त्यातील एक बोध आहे. आणि मुलांना वाढविण्याचा पहिला हक्क आईबापांचा आहे, हा दुसरा. त्यानंतर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकविले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणाही माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सक्ती होता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेविल्या की शिक्षकाची वाट स्पष्ट दिसते. शिक्षकाला मत नसावे, असे कोणी म्हणू नये. मत नसलेला मनुष्य मुलांना काय देणार? त्याने ते लपवू नये, कारण ते लपत नाही. परंतु गुण देण्याचा व शिक्षा करण्याचा जो अधिकार त्याच्या हाती असतो, त्याच्या बळावर ते मत मुलाच्या गळी उतरवू नये. आणि मत पाळावयाचे झाल्यास त्याचा भार प्रथम आपल्या खांद्यावर घ्यावा. स्वामीजींनी खुर्ची सोडली ती आम्ही याच अर्थाने वाचतो.

आपल्या प्रभूनेही शिष्यांना आधी मागे या म्हटले, आणि कठीण शिकवणीनंतर पुष्कळ जण परत फिरले तेव्हा त्यांना बळाने धरून ठेविले नाही; उरलेल्या बारांनाही जाण्याची मोकळीक असल्याचे विचारून पाहिले. क्रुसावर तो स्वतः प्रथम गेला. त्याहून थोर शिक्षक आम्हांस ठाऊक नाही.

माहूरच्या दत्तशिखराविषयी आपले हिंदू बंधू एक कथा सांगतात. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी होती, पाणी होते, मधमाशीही होती. त्या गुरूंपैकी एकानेही त्याला धडा दिला नव्हता; ते आपापल्या परीने जगत होते, आणि शिष्य पाहत होता. आपल्या शाळेत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी आईजवळ बसलेले मूल असेच पाहत असते. ज्युबिलीच्या या वर्षी आपण देवळाच्या भिंतींस रंग देऊ, घंटा वाजवू, मिरवणूक काढू. ते सर्व करावेच. पण ज्या शिक्षक-शिक्षिकांनी व धर्मशिक्षकांनी आपल्या मुलांपुढे इतकी वर्षे आपले जिणे उघडे ठेविले, त्यांचे स्मरण मिस्साबलिदानात प्रथम करावे. आणि जे आज फळ्यापाशी उभे आहेत, त्यांचे मत शुद्ध व हात नम्र राहोत, अशी परमेश्वराजवळ आमची प्रार्थना आहे.